चाकूच्या मुठीतलं शिसं

बायकोने आणलेली भेट हातात घेतल्यावर नवऱ्याने काय बोलावं, याबद्दल जगात फारसे मतभेद नाहीत. 'वा!' म्हणावं, वस्तू उलटसुलट करून बघावी, 'कुठे मिळाली?' असं विचारावं आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावं. एवढं केलं की भागतं. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला हे शिकवायला लागू नये. पण या गोष्टीतले गृहस्थ वजनमापे निरीक्षक होते, आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

भेट म्हणजे एक घडीचा चाकू होता. लाकडी मूठ, पितळेचे दोन खिळे, नखाने उघडायचं आणि अंगठ्याने मिटायचं असं छोटंसं पातं. निरीक्षक रोज डब्याबरोबर एक सफरचंद न्यायचे आणि ऑफिसात बसून त्याची साल दातांनी काढायचे. सालीसकट खाल्लं तर मधल्या सुट्टीतला वेळ उरतो आणि त्याचं करायचं काय, असं त्यांचं म्हणणं होतं. एवढा मोठा अधिकारी दातांनी फळ सोलतो हे बायकोला बरं दिसत नव्हतं. म्हणून लग्नाच्या वाढदिवशी तिने तीन दुकानं पालथी घालून हा चाकू आणला, त्यांच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "कसा आहे?"

निरीक्षकांनी तळहात दोनदा वरखाली केला. उभं आयुष्य दुकानदारांची वजनं हातात घेण्यात गेलं होतं. काट्याला कळायच्या आधी त्यांच्या मनगटाला कळायचं. ते म्हणाले, "हलका आहे."

इथे तरी थांबायचं. पण अर्धवट माहिती देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "साठ ग्रॅमला थोडा कमीच भरेल," ते पुढे म्हणाले.

बायको म्हणाली, "बरं."

मराठीत 'बरं' या शब्दाला जेवढे अर्थ आहेत तेवढे कोशात सापडायचे नाहीत, पण हा 'बरं' कोणता ते कुठल्याही विवाहित माणसाने दाराबाहेरूनसुद्धा ओळखलं असतं. निरीक्षकांना ओळखायला संध्याकाळ झाली. चहा आला, कप आला, बशी आली, पण त्यांच्याबरोबर एरवी येणारं बोलणं आलं नाही. रात्री जेवताना त्यांनी ताट पुढे केलं.

"भाजी किती वाढू?" बायकोने विचारलं.

"थोडी वाढ."

"थोडी म्हणजे किती ग्रॅम?"

ती हसत नव्हती. निरीक्षकांनी घास गिळला. त्या दिवसापासून घरातला सगळा कारभार मोजूनमापून चालू झाला. विचारलं तेवढंच उत्तर यायचं, मागितलं तेवढंच मिळायचं. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. पण बायको भांडतच नव्हती. ती नीट वागत होती, आणि माणूस आपल्या घरात आपल्याशी नीट वागू लागला की जीव नकोसा होतो. निरीक्षकांना मनापासून वाईट वाटत होतं. चाकू त्यांना आवडला होता. ते तो रोज खिशात घालून नेत होते, सफरचंदाची साल एका सलग पट्टीत काढत होते आणि ती पट्टी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला दाखवत होते. फक्त ही गोष्ट बायकोला कशी सांगायची ते त्यांना समजत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? घरी जाऊन सांगावं, 'अगं, मी चुकलो, चाकू चांगला भारदस्त आहे.' हा मार्ग निरीक्षकांनाही दिसला होता. पण चाकू भारदस्त नव्हता. साठाला कमी होता. ज्या माणसाने आयुष्यात कोणाला खोटं वजन सांगितलं नाही, त्याने स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या बायकोला, तेही लग्नाच्या वाढदिवसाच्या भेटीबद्दल, खोटं वजन सांगायचं? छे. निरीक्षकांनी बराच विचार केला आणि त्यांना दुसरा मार्ग सापडला. आपलं बोलणं बदलता येत नसेल तर चाकूचं वजन बदलावं. चाकू एकदा जड झाला की मग ताठ मानेने म्हणता येईल, 'चांगला वजनदार आहे हं.' हा मार्ग दुसऱ्या कोणालाही सुचला नसता, याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला.

त्यांनी ही गोष्ट फक्त वरच्या मजल्यावरच्या काकांना सांगितली, तीसुद्धा जिन्यात, आजूबाजूला बघून, शपथ घालून. काका निवृत्त झाल्यापासून सल्ले देत. कोणाची गच्ची गळो, कोणाचा जावई रुसो, काकांकडे तोडगा तयार असे. त्यांची स्वतःची गच्ची मात्र अजून गळत होती. जिन्यात सांगितलेली गोष्ट गुप्त राहत नाही, ती फक्त मजले बदलते. संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावरच्या वहिनींनाही ती कळली होती. फक्त निरीक्षकांच्या बायकोला ती कळली नाही, कारण जिच्याबद्दल बोलायचं तिला सोडून सगळ्यांना सांगायचं, हा इमारतीचा जुना शिरस्ता होता.

"सोपं आहे," काका म्हणाले. "चाकू पाण्यात भिजत घाला."

"पाण्यात?"

"लाकूड पाणी पितं. पाण्याला वजन असतं. मग लाकडाला वजन येणार की नाही? साधं शास्त्र आहे."

निरीक्षकांना शास्त्रात खोट काढता आली नाही. त्यांनी चाकू न्हाणीघरातल्या जुन्या तांब्यात बुडवला आणि तो तांब्या बादलीमागे दडवला. दोन दिवसांनी काढला तेव्हा चाकू खरंच जड झाला होता. मूठ चांगली टम्म फुगली होती, इतकी की पातं आतच रुतून बसलं. निरीक्षकांनी तो उन्हात ठेवला. पाणी गेलं आणि जाताना मुठीवरची चकाकी, थोडा रंग आणि लाकडाचा एक कपचा बरोबर घेऊन गेलं. त्यांनी तळहातावर घेऊन बघितला, विश्वास बसला नाही म्हणून काट्यावर घातला. चाकू आधीपेक्षा तीन ग्रॅमने हलका झाला होता.

"जास्त वेळ ठेवला असणार तुम्ही," काका म्हणाले. आपला सल्ला चुकला असं काकांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. लोक तो चुकीचा पाळत.

मग खालच्या वहिनींनी सूत्रं हातात घेतली. "भावोजी, काकांचं काय ऐकता? सायकलच्या दुकानातून छर्रे आणा, मुठीला मागून भोक पाडा, आत छर्रे भरा आणि वरून मेण लावून टाका. कोणाला पत्ता लागायचा नाही." हे बोलणं निदान लोखंडाबद्दल होतं, त्यामुळे निरीक्षकांना पटलं. त्यांनी ऑफिसातल्या सुताराकडून गिरमिट आणलं. भोक थोडं तिरकं गेलं, एका बाजूने लाकूड फुटलं, पण छर्रे आत गेले आणि मेणही बसलं. वजन ऐंशीच्या पुढे गेलं. निरीक्षकांनी समाधानाने चाकू खिशात टाकला आणि ते कामावर निघाले. चार पावलं चालल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण वाजतो आहोत.

छर्रे आत सैल होते. पाऊल टाकलं की खुळखुळ, जिना उतरला की खुळखुळ, वाकले की खुळखुळ. घरात हे चालून गेलं असतं, पण निरीक्षकांचं काम अचानक धाड घालण्याचं. दबक्या पावलांनी दुकानात शिरायचं, गल्ल्याशेजारची वजनं झटकन उचलायची आणि त्यांच्या बुडाशी असलेलं शिसं खरवडलेलं आहे का ते बघायचं, अशी त्यांची पद्धत होती. तिचा बाजारात दरारा होता. त्या आठवड्यात ते पहिल्या दुकानाच्या पायरीवर पाय ठेवतात तोच आतून आवाज आला, "या साहेब, या! कोपऱ्यावर आवाज आला तेव्हाच म्हटलं, साहेब आले. वजनं पुसून ठेवलीत बघा."

दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्यात दुकानदाराने खुर्चीही पुसून ठेवली होती. आठवडाभर एकही खोटं वजन सापडलं नाही. शनिवारी मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून शाबासकी दिली. "तुमच्या हद्दीत प्रामाणिकपणा वाढलेला दिसतो. काय केलंत काय?" निरीक्षक खाली मान घालून उभे राहिले. मान घालताना चाकू वाजला.

आता ही गोष्ट त्यांच्या अब्रूवर आली होती. घरी बायको मापात बोलत होती, बाजार त्यांना बघून हसत होता आणि चाकू पहिल्यापेक्षा विद्रूप झाला होता. शहाण्या माणसाने इथे हात टेकले असते. निरीक्षकांनी मात्र विचार केला, की आपण उगाच इकडेतिकडे भटकलो. वजन वाढवायचं तर त्याची सरकारमान्य रीत आहे. लोखंडी वजनाच्या बुडाला खोबण असते, वजन कमी भरलं तर त्या खोबणीत शिसं ओततात, काट्यावर बरोबर करतात आणि त्या शिशावर निरीक्षक हातोडीने शिक्का मारतो. हे काम करणारा परवानाधारक दुरुस्तीवाला बाजाराच्या टोकाला बसत असे. निरीक्षकांनी त्याच्याकडचा चहाही कधी घेतला नव्हता, कारण ज्याचं काम तपासायचं त्याचा चहा प्यायला की काटा झुकतो, असं ते नव्या लोकांना शिकवत. म्हणून ते त्याच्या दुकानात गेले ते साधं गिऱ्हाईक म्हणून, दोन भाजीवाल्यांच्या मागे रांगेत उभे राहून.

दुरुस्तीवाल्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. "साहेब! तुम्ही आणि माझ्याकडे! बसा, बसा, पुसतो. काय सेवा करू?"

निरीक्षकांनी चाकू पुढे केला. "यात शिसं भरायचं."

"किती भरू?"

निरीक्षक गोंधळले. हा प्रश्न ते स्वतः रोज दहा जणांना विचारत, पण त्यांना कोणी विचारला नव्हता. "भर आपलं... हाताला जाणवेल इतकं."

"हाताला म्हणजे कोणाच्या साहेब? माझा हात वेगळा, तुमचा वेगळा. नियमात काय बसतं ते सांगा."

"नियमात नको. असं बघ, एखाद्याने हातात घेतला तर त्याला वाटलं पाहिजे, की वस्तू आवडली तर त्यात नवल नाही."

दुरुस्तीवाल्याने डोकं खाजवलं. "हे माप आपल्याकडे नाही बघा साहेब," तो म्हणाला. "पण भरतो. उद्या ऑफिसात वजनं घेऊन यायचंच आहे, तेव्हा चाकूही आणतो."

त्याने चाकू मन लावून केला. छर्रे काढले, तिरकं भोक मोठं करून सरळ केलं, आत शिसं ओतलं. लाकूड जरा करपलं, पण त्याने त्यावर काळं पॉलिश मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पन्नासएक लोखंडी वजनांचा ट्रे घेऊन ऑफिसात आला. त्याच ट्रेमध्ये, शेवटच्या रांगेत, शिशाचं तोंड वर करून त्याने चाकू उभा केला होता. साहेबांची वस्तू पिशवीत कोंबून आणणं त्याला बरं वाटलं नाही.

निरीक्षकांनी हातोडी घेतली, शिक्क्याचा ठसा घेतला आणि कामाला सुरुवात केली. वजन तपासलं की उलटं करायचं, शिशावर ठसा धरायचा, हातोडी मारायची. हात चालू होते आणि तोंडाने ते दुरुस्तीवाल्याला झापत होते, कारण तो मजुरी घ्यायला तयार नव्हता.

"हे चालणार नाही. अधिकाराचा वापर खाजगी कामासाठी करायचा म्हणजे काय? आज मी फुकट काम करून घेतलं, तर उद्या तू म्हणशील साहेब, एक वजन जाऊ द्या. परवा दुसरा म्हणेल. ही सुरुवात असते, समजलं? माणसाने आपला शिक्का आणि आपलं घर यांची गल्लत..."

ठक्!

हा ठोका नेहमीपेक्षा निराळा वाजला. निरीक्षकांनी खाली बघितलं. त्यांच्या डाव्या हातात चाकू होता आणि मुठीच्या बुडाशी, शिशावर, चालू वर्षाचा सरकारी शिक्का ठसठशीत उमटला होता. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका सुबक शिक्का क्वचितच बसला असेल. ठोक्यामुळे शिसं आत पसरलं होतं आणि पातं मुठीत कायमचं अडकलं होतं. त्यांनी नखाने ओढून बघितलं. नख तुटलं.

दुसऱ्या कोणीही चाकू खिशात घातला असता आणि तोंडावर बोट ठेवलं असतं. निरीक्षक उठले, मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले आणि त्यांनी स्वतःविरुद्ध तक्रार केली.

"सर, माझ्या हातून बेकायदा शिक्का पडला."

मोठ्या साहेबांची निवृत्ती तोंडावर आली होती आणि तोवर कुठलंही प्रकरण उपटू नये एवढीच त्यांची इच्छा होती. "कशावर?" त्यांनी विचारलं.

"चाकूवर."

"कोणी बघितलं?"

"मी."

"तुम्हाला सोडून?"

"दुरुस्तीवाला होता. पण तो तेव्हा शिंकत होता."

"मग झालं तर. घरी न्या चाकू आणि विसरून जा."

"सर, पण शिक्का मारलेली वस्तू म्हणजे वजन झालं. आणि हा एकशे तीस ग्रॅम भरतो. शंभरचं वजन आहे, दोनशेचं आहे. एकशे तीस हे वजन कायद्यात नाही. माझ्या खिशात असं वजन सापडलं तर मला स्वतःला पकडावं लागेल."

मोठ्या साहेबांनी सुस्कारा टाकला आणि कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. चुकून बसलेला शिक्का रद्द करता येत होता, पण वस्तूच्या मालकासमोर. "मालक कोण?" त्यांनी विचारलं.

"तसा मीच."

"तसा म्हणजे?"

निरीक्षकांना खोटं बोलता येत नव्हतं. "सर, बायकोने भेट दिली आहे. पण मी ती घेतली की नाही, याबद्दल घरात एकमत नाही."

"म्हणजे चाकू तुमचा आहे की त्यांचा?"

"ते त्याच सांगू शकतील."

मोठ्या साहेबांनी कपाळाला हात लावला आणि शिपायाला फोन करायला सांगितलं. घरचा फोन लागेना, म्हणून शिपायाने वरच्या काकांना फोन लावला. शिपाई मोजकं बोलणारा माणूस. "साहेबांच्या मिसेसना लगेच ऑफिसात पाठवा. चाकूचं प्रकरण आहे. मोठे साहेब थांबलेत." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. काकांना एवढं पुरेसं होतं.

अर्ध्या तासात रिक्षा येऊन थांबली. आधी बायको उतरली. एका पायात तिची चप्पल होती, दुसऱ्या पायात निरीक्षकांची. मागून खालच्या वहिनी उतरल्या, त्यांच्या हातात टॉवेल आणि जखमेवर लावायची बाटली. शेवटी काका उतरले आणि त्यांनी येतानाच आपल्या भाच्याला, तो वकील असल्यामुळे, फोन करून ठेवला होता. बाहेर शिक्का मारून घ्यायला दुकानदारांची रांग लागली होती. ती बाजूला सारत बायको थेट आत शिरली. निरीक्षक खुर्चीवर बसलेले दिसले तशी तिने त्यांचे दोन्ही हात धरले, उलटे केले, सुलटे केले, सदरा बघितला.

"कुठे लागलं? का तुम्हीच कोणाला... अहो, बोला ना काहीतरी!"

"एक अक्षर बोलायचं नाही!" काका दारातून ओरडले. "भाचा येईपर्यंत एक अक्षर नाही!"

"कोणाला काही लागलेलं नाही," मोठे साहेब म्हणाले. "बाई, तुम्ही बसा. फक्त एवढंच सांगा, हा चाकू कोणाचा?"

बायकोने टेबलावर बघितलं. तिथे एक काळपट, फुगलेली, बुडाशी शिसं फुटून आलेली वस्तू पडली होती. "हा होय? हा आमचा नाही," ती म्हणाली. मग तिला पितळेचे दोन खिळे दिसले. "अगं बाई! हा तो? काय केलंत हो तुम्ही याचं?"

मग सगळे एकदम बोलले. काकांनी पाण्याचं शास्त्र सांगितलं, वहिनींनी काकांच्या शास्त्राचं काय झालं ते सांगितलं, दुरुस्तीवाल्याने शिसं कसं ओतलं ते हातवारे करून दाखवलं आणि बाहेरच्या रांगेतल्या एका दुकानदाराने खुळखुळ्याची गोष्ट आत मान घालून पुरी केली. बायको हे सगळं ऐकत उभी होती. निरीक्षक टेबलाच्या कडेकडे बघत होते. त्यांना वाटत होतं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"म्हणजे चाकू तुम्ही दिलात," मोठे साहेब म्हणाले.

"मी दिला," बायको म्हणाली. "यांनी घेतला का, ते यांनाच विचारा. मला अजून कळलेलं नाही."

निरीक्षकांनी खटल्यांमध्ये साक्षी पुष्कळ दिल्या होत्या. ते सवयीने उठले, हात मागे बांधून ताठ उभे राहिले.

"घेतला," ते म्हणाले. "त्याच दिवशी घेतला. तू विचारलंस कसा आहे, तर मी वजन सांगितलं. मत सांगायचं राहून गेलं."

"मग सांगा की मत."

बाहेरच्या रांगेतल्या माना दारातून पुढे आल्या. निरीक्षकांचे कान लाल झाले. "आवडला," ते म्हणाले. "फार आवडला. माझ्यासाठी कोणी तीन दुकानं फिरतं, याची मला सवय नाही गं. गडबडलो. मग दिवसभर जे बोलतो तेच तोंडातून गेलं. पण मी रोज त्याने सफरचंद सोलत होतो. सगळी साल एका पट्टीत निघायची. हवं तर शेजारच्या टेबलावर विचार."

"एका पट्टीत निघायची," शेजारच्या टेबलावरचा कारकून दारातून म्हणाला.

बायकोने पदराने नाक पुसलं. "मग एवढं शिसं कशाला भरलंत?"

"तुला खोटं सांगायचं नव्हतं. तो खरंच हलका होता. म्हटलं, आधी जड करू आणि मग म्हणू."

"पंचवीस वर्षांत एकदा खोटं बोलला असतात," बायको म्हणाली, "तर मी काय दंड केला असता तुम्हाला?"

"बरोबर आहे बाईसाहेबांचं!" रांगेतून आवाज आला. निरीक्षकांनी तिकडे बघितलं तसे सगळे आपापल्या वजनांकडे बघू लागले.

मोठ्या साहेबांनी मालकी सिद्ध झाल्याचं जाहीर केलं. शिक्का रद्द करायचा म्हणजे त्यावर फुलीचा ठसा मारायचा असतो. निरीक्षकांनी स्वतः हातोडी घेतली आणि स्वतःचाच शिक्का रद्द केला. त्या ठोक्याने मुठीला उभी चीर गेली. दुरुस्तीवाला हळहळला आणि तार गुंडाळून देतो म्हणाला, पण यावेळी निरीक्षकांनी कोणाचाच सल्ला घेतला नाही. काकांच्या भाच्याला अर्ध्या वाटेवरून परत पाठवावं लागलं, याचं काकांना मनातून वाईट वाटलं.

घरी येताना बायको बरंच बोलली. रिक्षात काका आणि वहिनीही असल्यामुळे निरीक्षकांना मधे बोलायला जागा मिळाली नाही, आणि त्यांना ती नकोच होती. ती आपल्या एका पायातली मोठी चप्पल दाखवून स्वतःच हसत होती. हसता हसता तिचे डोळे भरून आले, तेव्हा तिने चप्पलच फार मोठी आहे म्हणून सांगितलं. तिचं ते बोलणं कानावर पडत होतं आणि निरीक्षकांना इतके दिवस जेवण का जात नव्हतं ते आत्ता समजत होतं.

घरी आल्यावर तिने चाकू उघडायचा प्रयत्न केला. पातं हललं नाही. मग तिने डब्यातून अक्रोड काढले, एक ओट्यावर ठेवला आणि चाकूच्या शिसं भरलेल्या टोकाने त्यावर मारलं. पहिला अक्रोड उडून फ्रीजखाली गेला. दुसरा फुटला, पण इतका फुटला की टरफल आणि गर वेगळे करायला तिला केसातली पिन काढावी लागली. तिने ते तुकडे टिपून टिपून त्यांच्या हातावर ठेवले.

"बघा," ती म्हणाली. "हलका असता तर फुटला असता का? बरं झालं जड केलात ते."

बत्ता तिच्या कोपरापाशीच होता. अक्रोड बत्त्याने कितीतरी नीट फुटला असता. ते निरीक्षकांना स्पष्ट दिसत होतं. पण ती हे खरं बोलत होती की मन राखायला, ते तपासावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी तुकडे तोंडात टाकले. अक्रोड जुना होता आणि चांगलाच खवट झाला होता.

"गोड आहे गं," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी आणखी एक फोडायला सांगितला.